मावशीचे पातळ बूट

मावशी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नसे. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरापासून साखरशेतजवळच्या तिच्या पाड्यापर्यंत किती, असं विचारलं की म्हणे, "एक डाळ. चढाला थोडी जास्त." म्हणजे मोठ्या पातेल्यात डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. पायवाटेने आठ किलोमीटर होते आणि पंचेचाळीस मिनिटांत ती घरी पोचली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय अनवाणी.

मी तेव्हा एका दैनिकाचा जव्हार-मोखाड्याचा वार्ताहर होतो. मावशी हे शाळेतल्या मुलांनी दिलेलं नाव; ती पस्तिशीची, शाळेत रोजंदारीवर कामाठी. दीडशे मुलांच्या स्वयंपाकात तिचे हात. दुपारी एकला भांडी आटपत आणि चारला पुन्हा चूल पेटे. मधल्या तीन तासांत घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूला पुसायचं, भरवायचं आणि परत यायचं. नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाई तो पावसाच्या तोंडाला परते. पाड्याकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून मावशी पळायला लागली. त्याला आठ वर्षं झाली होती. "तिकडं म्हातारी, इकडं पोरं," ती म्हणे. "मधला रस्ता तेवढा माझा. तिथं कोन हाक मारत नाय."

ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, हेडसरांनाही. त्यांनी एकदा सर्वांसमोर समज दिली. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. आता जेवतोस ना?"

ठाण्याचे एक डॉक्टर आरोग्य शिबिरासाठी येत. स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांनी तिला वाटेवर पळताना पाहिलं आणि पुढच्या खेपेला बूट आणले. कागदासारखा पातळ तळ, टाचेला उंची नाही, बोटांना मोकळी जागा. मुठीत घडी होत असे. अनवाणी माणूस जसा पळतो तसंच या बुटांत पळता येतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मावशीने बूट उलटेपालटे केले.

"एवढ्या लांबून आलास, मला अनवाणी पळायला शिकवायला?"

डॉक्टर हसले, पण ते गंभीर होते. त्यांच्या ओळखीच्या, नाशिकच्या एका निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राला आदिवासी मुलींसाठी बाई प्रशिक्षक हवी होती. पगार आणि राहायला खोली. अट एकच: जानेवारीतल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या तिघींत यायचं. मावशीने त्यांना दोनदा विचारलं की खोलीत म्हातारीला नेता येईल का. येईल म्हटल्यावर तिने बूट घेतले.

डॉक्टरांनी चार महिन्यांचं वेळापत्रक दिलं. मावशीला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे नोंदी मी ठेवायच्या ठरल्या. वेळापत्रकात दर सातव्या दिवशी 'विश्रांती' असा शब्द होता. "हा आराम कुठं जाऊन करायचा?" तिने विचारलं. मी म्हणालो, घरी. "घरी म्हातारी हाय." मग शाळेत. "शाळंत भाकऱ्या हायत." तो रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला.

सवयीच्या जाड बुटांतून अशा बुटांत येणाऱ्याने सुरुवातीला थोडंच पळावं, असा नियम असतो. डॉक्टरांनी तो मावशीला लावला नाही. तिचे पाय जन्मापासून तयार आहेत, असं ते म्हणाले, आणि तेव्हा मलाही ते पटलं.

दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघर बंद होतं. सासूजवळ नणंद येऊन राहिली होती. तेव्हा मावशी पहिल्यांदा पूर्ण अंतर पळाली. मोखाड्याच्या रस्त्याला डॉक्टर मागून गाडी चालवत होते. वेळ पाहून त्यांनी गेल्या वर्षीचा निकाल काढला. तिसऱ्या क्रमांकापेक्षा ती पुढे होती.

डिसेंबरात ती चुलीजवळ एका पायावर उभी दिसली. उजवं पाऊल वरून सुजलं होतं. मी बूट दाखव म्हटलं. तीन महिने वापरलेल्या बुटांवर मातीचा डाग नव्हता.

"मळवायचे कसे?" ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू."

तेव्हा सगळा उलगडा झाला. पायवाट लाल मातीची, म्हणून बूट घातल्यापासून तिने ती सोडली होती. लांबचा वळसा घेऊन ती फक्त डांबरी रस्त्याने पळत होती. मातीचा तुकडा आला की बूट काढून हातात घ्यायचे, डांबर आलं की घालायचे. अनवाणी असताना ती डांबरावर कधीच पळाली नव्हती. ते भाजे आणि टोचे. बुटांमुळे भाजणं-टोचणं थांबलं, दणका मात्र थेट हाडापर्यंत जात राहिला. माझ्या वहीत अंतर होतं, वेळ होती. रस्ता कोणता, याचा रकाना नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं.

"डॉक्टरला नको सांगू, दादा," ती म्हणाली. "एकदा शर्यत होऊ दे. मंग मोडू दे काय मोडायचं ते."

मी चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी ती पातेलं उतरवताना खाली बसली, तेव्हा फोन केला. एक्स-रेमध्ये पावलाच्या हाडाला चीर निघाली. डॉक्टरांनी शर्यतीतून तिचं नाव काढलं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं सांगितलं. हेडसर वाईट माणूस नव्हते. रोजंदारीला रजा नसते, सहा आठवडे जागा रिकामी ठेवता येत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मावशी आठ दिवस घरी राहिली. नवव्या दिवशी पाऊल फडक्याने बांधून चुलीपुढे उभी राहिली. हाड जुळलं, पण वाकडं.

पळणं संपलं. घरी जाणं संपण्यासारखं नव्हतं. आता ती एक वाजता जीपमध्ये जाऊन बसे. जीप भरायला कधी अर्धा तास लागे, कधी तास. मी एकदा तिच्याबरोबर गेलो. तिच्या मांडीवर कोणाची तरी पिशवी, खांद्याला कोणाचं तरी डोकं. शेजारची बाई म्हणाली, "आता बरं, बसून जाते." काचेला कपाळ लावून मावशी पायवाट कुठे फुटते ते पाहत होती.

तिच्या नोंदी ठेवता ठेवता मीही पळायला लागलो होतो; जानेवारीत त्या शर्यतीत मी धावलो. संपल्यावर शाळेत फोन लावला. मावशीने विचारलं, "तिसरी कोन आली? किती वेळात?" तिसऱ्या आलेल्या बाईला मावशीच्या दिवाळीतल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली होती. मी सांगितलं की ती मावशीच्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं लवकर आली.

"मंग बरं झालं," मावशी म्हणाली.

वर्षभराने माझी मुंबईला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती घरून जीपने परतून स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. चहा दिला. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "दादा, शर्यतीच्या दिवशी तू खोटं बोललास."

मी कप पायरीवर ठेवला.

"हेडसरनं मोबाईलवर निकाल दाखवलेला. तुझ्या फोनच्या आधीच."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस?"

"तू एवढा पळून आलास. दम लागलेला. त्यात माझ्यासाठी खोटं जुळवलंस." ती हसली. "ते कुठं मोडू?"

तिने पुन्हा सूप घेतलं. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, "अकरा मिनिटं म्हंजे ती बाय माझ्या किती मागं असती?"

मी हिशेब केला. "दोन किलोमीटर."

शाळेसमोरचा रस्ता वळणापर्यंत सरळ जातो. मावशीने त्या वळणाकडे पाहिलं.

"म्हंजे मागं वळून पायलं असतं, तरी दिसली नसती," ती म्हणाली, आणि चौकटीला धरून उठली. चार वाजत आले होते.