समाप्तीआधी सांगितलेला शेवट

सध्या काय वाचताय, असं कुणी विचारलं की मी पुस्तकाचं नाव सांगतो, थोडी गोष्ट सांगतो, आणि गप्प होतो. शेवटाबद्दल अवाक्षर काढत नाही. लोकांना तो माझा सभ्यपणा वाटतो.

अंबडला आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो. जो जे वाचत असेल आणि ज्याला ते आवडत असेल, त्यानं ते सांगायचं. एक वकील, एक खताचे दुकानदार, काही निवृत्त शिक्षक आणि मी, गणिताचा मास्तर. कितीतरी वर्षं मी तिथं नुसता ऐकायला जायचो. खुर्च्या मांडायच्या, चहा सांगायचा, मागं बसायचं.

एका रविवारी मात्र मी बोललो. कादंबरीत एक बाप होता, मुलाला सायकल शिकवणारा. पुढं तो मरतो, एवढंच. सांगता सांगता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोर आमचे निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढलेली. ते म्हणाले, "गणितवाले, कागदावरचा बाप गेला तर एवढं? घरचा गेला तेव्हा तर कोरडे ठणठणीत होते. मी होतो ना स्मशानात."

सगळे हसले. वकिलांच्या कपातला चहा बशीत सांडला. "सर, तुम्ही म्हणजे बिलकुलच सोडत न्हाई कुणाला," असं कौतुकही झालं.

खोटं असतं तर मी विसरलो असतो. पण बाप गेला तेव्हा मी रडलो नव्हतो, हे खरं होतं, आणि का रडलो नाही ते मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. त्याच दिवशी जिना उतरताना ठरवलं की या माणसाला दुखेल असं काहीतरी करायचं.

सरांना काय दुखेल, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच भिंत. काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, नजर साखरेनं गेलेली. सर रोज दिवेलागणीला त्यांना कादंबरी वाचून दाखवत, एका बैठकीत एक प्रकरण. काकूंनी त्याला पोथीचे नियम लावले होते. श्रावणात घरी पोथी लावतात तसे. मध्येच सोडायची नाही, पुढचं पान चाळायचं नाही, शेवटचा अध्याय समाप्तीच्या दिवशी, शिऱ्याचा नैवेद्य दाखवून. पोथीचा शेवट सगळ्यांना पाठ असतो, म्हणून तिथं ते चालतं. या पुस्तकांचा शेवट त्या घरात कुणालाच माहीत नसायचा. सरांनाही नाही. पोराटोरांवर कायम डाफरणारा हा माणूस बायकोसाठी पुढचं पान उघडत नव्हता.

तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती. गोदावरीकाठची म्हातारी नाव चालवते, तिचा मुलगा शहागडहून एका ट्रकमध्ये बसून निघून गेलेला. तो येतो की नाही, एवढ्यावर सगळं पुस्तक उभं. सर आमच्या रविवारच्या मंडळींच्या मोबाईल ग्रुपवर त्याचं रसभरित वर्णन टाकायचे. काकू मला अंगणातल्या भिंतीवरून सांगायच्या.

"ते पोरगं येतंय बघ," एकदा म्हणाल्या. "माय जित्ती हाय तवर येतंच. तू वाचलं असशील तर बोलू नको हं, बाबा. समाप्तीला शिरा खायला ये."

"न्हाई वाचलं, काकू."

तेव्हा खरंच वाचलं नव्हतं. मग जालन्याला जाऊन विकत आणलं. बसस्थानकावर, गाडी लागायच्या आधी, शेवटचं प्रकरण उघडलं. मुलगा येत नाही. म्हातारी नाव फोडून सरपण करते. फार सुंदर लिहिलं होतं. उभ्या उभ्या वाचून झालं आणि मला आनंद झाला. तो वाचण्याचा नव्हता.

सरांना कमी ऐकू येतं. मोबाईलवर आलेलं बोलणं ते मोठा आवाज लावून ऐकतात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी दिवा लावायची वेळ धरली. आवाज गोड करून ग्रुपवर बोललो, "मी पण हेच वाचून राह्यलो, सर. काय पुस्तक आहे! पोरगं परत येतच न्हाई, अन् म्हातारी नाव फोडून चुलीत घालते, तिथं तर लेखकानं कमाल केली."

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून माझाच आवाज आला. शब्दन् शब्द. त्या संध्याकाळी वाचनाचा आवाज आला नाही. मी जेवायला बसलो आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

रविवारी दुकानदार म्हणाले, "गणितवाले, शेवट कशाला सांगायचा राव?"

"सर घरी वाचून दाखवतात, हे मला काय माहीत?" मी म्हणालो. हेच सगळ्यांना सांगत आलो. आज लिहितो की मला माहीत होतं.

दोन-चार दिवसांनी सर माझ्या दारात आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"तिला सांगा, चुकून दुसऱ्याच पुस्तकाचं बोललो म्हणून," ते म्हणाले. "तुमचं ऐकंल ती. मी पुढचं सांभाळतो."

"सर, छापलंय ते छापलंय."

"हात जोडतो, गणितवाले."

त्यांनी खरंच जोडले. मी त्या हातांकडं बघत राहिलो. मला वाटलं होतं, पोट भरेल. भरलं नाही, म्हणून म्हणालो, "मला शाळेत जायचंय."

त्यांनी काकूंची कशी समजूत काढली कोण जाणे, वाचन पुन्हा सुरू झालं. मी भिंतीशी उभा राहून ऐकायचो. सर मनानं रचून वाचत होते. लेखकाच्या चार ओळी आणि मग त्यांच्या स्वतःच्या. दुसऱ्यांच्या पुस्तकांची सालटी काढणाऱ्या माणसाला एक धड वाक्य जमत नव्हतं. पोरगं शहागडच्या फाट्यावर उतरतं, नदीकडं चालत येतं आणि म्हातारीला विचारतं, "मातोश्री, आपली प्रकृती कशी आहे?" मी तोंडावर हात धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सर बाजारात गेले होते. भिंतीपलीकडून काकूंनी हाक मारली.

"हाय का रे? खरं सांग. हे म्हणून राह्यले पोरगं आलं. तू म्हणला न्हाई येत. कुणाचं खरं?"

तेव्हा एक शब्द पुरला असता. सरांचं, असं म्हटलं असतं तर काकूंनी समाप्ती केली असती. पण सर पकडले जाणार, बायकोसमोर खोटे ठरणार, हे समोर ताटात वाढल्यासारखं दिसलं.

"सर मनानं वाचून राह्यले, काकू. पुस्तकात तसं न्हाई."



"मातोश्री म्हणला तवाच मला वाटल्तं," त्या म्हणाल्या. "पण किती जीव लावून वाचत होते रे."

त्या घरात पुन्हा वाचन झालं नाही. दिवेलागणीला टीव्ही लागतो. सर रविवारी येत नाहीत. आता मी पुढं बसतो, बोलतो, आणि लोक ऐकतात. सरांबद्दल मला वाईट वाटत नाही, हे लिहून टाकतो. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की आजही बरं वाटतं. काकूंचं मात्र गिळता येत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात एक नवं पुस्तक घेऊन त्यांच्याकडं गेलो. सर आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. काकू पलंगावर बसलेल्या.

"काकू, मी वाचून दाखवू का रोज थोडं? शेवट मलाही माहीत न्हाई. आईशप्पथ."

त्यांनी माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडून पहिलं पान बी शेवटासारखं लागंल."

मी उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्या परत बोलल्या.

"तुमचं रविवारचं चालू हाय न्हवं? कोण काय वाचतंय ते सांगतात ना सगळे? मंग माझं बी सांग. म्हणाव, काकू सध्या काहीच ऐकत न्हाई. कामून ते बी सांग."

रविवारी माझी पाळी आली. मी एका प्रवासवर्णनाबद्दल बोललो. सगळ्यांना आवडलं. दुकानदारांनी ते पुस्तक मागूनही नेलं.