आबांची नजर वर जाईना तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी माझ्या वडिलांना, आबांना घेऊन बसले होते... आमच्या मोहने गावाहून बस बदलत बदलत आलो होतो.

आबा ठाण्याच्या कोर्टातले रिटायर्ड पट्टेवाले. त्यांचा पुकारा खाली चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा. पार्किन्सनने हात थरथरायला लागले, आवाज पार बसला.

मेंदूत बारीक तार घालून हलका करंट द्यायचं ऑपरेशन तेव्हा नवीन होतं. मुंबईच्या सर्जननी सांगितलं, आधी डोळ्यांच्या हालचालीचा आलेख आणा. नजर वर-खाली फिरत नसेल तर आजार वेगळा असू शकतो, मग ऑपरेशन करून उपयोग नाही.

या डॉक्टरांकडच्या चक्कर तपासायच्या मशीनवर तो आलेख निघायचा. डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवले. मान न हलवता समोरच्या लाल दिव्यामागे नजर न्यायची, की कागदावरचं पेन तशी रेघ काढणार.

डॉक्टर बाजूला उभे राहून सांगत होते. "वर बघा." रेघ सपाट. "आता खाली." सपाटच... तिसऱ्यांदाही तेच झालं तसा 'नजर फिरत नाही' असं लिहायला त्यांनी रिपोर्टचा कागद ओढला.

मी आबांकडे नीट बघितलं, तर ते दिव्याकडे बघतच नव्हते. डॉक्टर बोलले रे बोलले की नजर डॉक्टरांवर... आयुष्यभराची सवय, साहेब बोलत असताना दुसरीकडे बघायचं नाही. माझ्या शाळेतही हेडमास्तरांसमोर असेच उभे राहायचे. मला लाज वाटायची, घरी येऊन मी भांडायचे.

मी डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबाल का?" ते वैतागले, पण गेले. मग मी आबांच्या कानाशी म्हटलं, "आबा, साहेब चेंबरमध्ये गेले."

"मग ठीक," आबा पुटपुटले. दिवा वर सरकला... पेनही वर गेलं. खाली आला, तेही खाली. डॉक्टरांनी परत येऊन नवा आलेख बघितला आणि आधीचा फाडून टाकला.

ऑपरेशन झालं. आवाज काही परत आला नाही, हाताचा कंप मात्र बराच कमी झाला.

पुढच्या तपासणीला सर्जन बोलायला लागले, तसे आबा ताठ उभे... नजर त्यांच्यावर. शर्टाची सगळी बटणं त्यांनी त्या दिवशी स्वतः लावली होती, अगदी गळ्यापर्यंत. मी बाजूला उभी होते, आणि मला जराही लाज वाटली नाही.