माहीचा नंबर पहिला

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरसाहेबांनी माहीच्या सोनोग्राफीवर बोट ठेवलं, तिथून हे सुरू झालं. माही माझी मुलगी, चार वर्षांची. डाव्या किडनीची वाट अरुंद, लघवी साचून किडनी फुगलेली. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात आपल्याकडे ऑपरेशनचा रोबोट येऊन राहिला. बारीक छिद्रं पडतील, तिसऱ्या दिवशी घरी. पहिला नंबर माहीचा."

त्यानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात इतकं बसले की किस्से आपोआप गोळा झाले. घरी सांगते तेव्हा सगळे हसतात. मीही हसते, मग भाजी पाहायला उठते.

रोबोट आला, पण लिफ्टमध्ये मावेना. भिंत फोडली, दार मोठं केलं, दीड महिना गेला. झाडू मारता मारता शांतामावशी म्हणाल्या, "नवरदेव आला अन् मांडवच लहान पडला वं."

मी म्हटलं, "मावशी, तोवर माहीच्या किडनीचं काय?"

"साहेबाले विचार ना."

विचारलं नाही. मी सातवी शिकलेली, ते इंग्रजीत बोलले तर काय करू?

उमरेडचे एक काका होते, खाणीतून रिटायर झालेले. त्यांनाही रोबोटसाठी थांबायला सांगितलं, तर म्हणाले, "साहेब, मशीन कापते तवा तुमी कुठं राहता?"

"बाजूलेच बसतो काका, मीच चालवतो."

"खाणीतबी सायेब बाजूलेच बसे. तुमी हातानंच करा."

दुसऱ्या दिवशी हातानं झालं. घरी जाताना काका मला म्हणाले, "तू काहून थांबून राहिली बाई?"

मी म्हटलं, "पोरीची जात आहे काका. पोटावर मोठा वण नको."

दसऱ्याच्या आधी मशीन तयार झाली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी माहीचं ऑपरेशन ठरलं. दसऱ्याला थिएटरमधल्या सगळ्या मशिनींची पूजा होते. मोठ्या सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "कुंकू संपलं. आहे का वं कोणाजवळ?"

मी पर्समधली डबी दिली. म्हटलं, "सिस्टर, भरपूर लावा."

सोमवारी ऑपरेशन झालं नाही. रोबोटच्या हाताच्या सांध्यात कुंकू गेलं होतं. कंपनीचा इंजिनिअर हैदराबादहून आला, डोक्याला हात लावून बसला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "हर साल सब मशीन का करते भैया, कोई नहीं रूठी."

नवीन हात यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात आमचे साहेब पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला गेले. रोबोट चालवायचं शिकलेले ते एकटेच होते. मशीनवर निळं कापड पडलं.

त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर मॅडमनी पुन्हा तपासण्या केल्या. मला खुर्चीवर बसवलं. "ही किडनी आता काम करत नाही. काढावी लागेल. इतके महिने का थांबलात?"

मी लिफ्टचं सांगितलं. साहेबांचं सांगितलं. कुंकवाचं माझ्या तोंडून निघालं नाही.

मॅडमनी हातानंच ऑपरेशन केलं. बरगडीखाली वीतभर टाके आले.

टाके सुकल्यावर दाखवायला गेलो, तेव्हा ऑफिसातली एक ताई आली. तिला दवाखान्याच्या जाहिरातीच्या बोर्डावर फोटोसाठी लहान मूल पाहिजे होतं. माहीची तपासणी पुढेही तिथंच, नाही कसं म्हणू? तिनं मशीनवरचं निळं कापड काढलं, माहीला शेजारी उभं केलं. फ्रॉक नीट केला. म्हणाली, "हास बेटा." माही हसली.

तो फोटो आता गेटवर लागला आहे. तुमच्या ओळखीतलं कोणी तो पाहून तिथं पोरगं घेऊन निघालं, तर त्याला एवढं सांगा: आधी विचार, मशीन चालवणारे डॉक्टर आहेत का. आणि त्यालाही म्हणावं, पुढे सांग.