विरोधक पप्पन चेट्टा

आमच्या कुट्टनाडातल्या होडी मंडळाने विरोध करायला पप्पन चेट्टाला, म्हणजे पप्पनदादाला, नेमलं होतं. हसू नका. पूर्वी बैठकीत अध्यक्ष औसेप बोलायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. अशाच माना डोलवत आम्ही शर्यतीसाठी एक भोकं पडलेली होडी विकत घेऊन बसलो. तेव्हा कामं वाटून घेतली. बोलणं भरकटू नये हे औसेपने पाहायचं, वेळ संपली की मी ताट बडवायचं आणि पप्पन चेट्टाने प्रत्येक ठरावाला विरोध करायचा. त्याचा विरोध ऐकल्याशिवाय मतदान नाही.

त्याने हे काम फारच मनावर घेतलं. चहाला विरोध, केळ्याच्या भज्यांना विरोध. एक जुना वल्हेकरी वारला, तर दुखवट्याच्या ठरावालाही हा उठला. म्हणाला, "मेला याला पुरावा काय?" आदल्या दिवशी खांदा यानेच दिला होता!

एरवी माणूस लोण्यासारखा. त्याची आयुष्यात एकच हौस होती, शर्यतीच्या दिवशी होडीच्या मधोमध उभं राहून वल्हेकऱ्यांसाठी गायचं. बदकं राखताना तो तीच गाणी म्हणायचा, आणि बदकं खरंच तालात पोहायची.

यंदा आमचा गाणारा मुलाकडे दुबईला गेला. औसेपने ठराव मांडला, "या वर्षी पप्पन गाईल." पप्पन चेट्टाचे डोळे भरून आले.

"विरोध?" औसेपने सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

"आज राहू दे चेट्टा, नुसता बसून राहा," मी कुजबुजलो.

"म्हणजे परत भोकाची होडी घ्यायला मोकळे!" असं म्हणून तो उठलाच. "मंडळी, या पप्पनचा आवाज ऐकलाय? वरची पट्टी लागली की खोकतो. गेल्या साली काठावर टाळ्या वाजवताना पाण्यात पडला. त्याला होडीत उभा करणार?"

मी वेळेआधीच ताट बडवलं.

"माझी वेळ अजून आहे, गाढवा!" तो खेकसला आणि स्वतःच्या गुडघेदुखीकडे वळला.

काय बोलला! एक मुद्दा खोडता येईल तर शपथ. मतदानात विरोधात हातच हात वर गेले. माझाही गेला, इतकं पटलं होतं.

"ठरावाच्या बाजूने कोण?" औसेपने विचारलं.

एकच हात वर झाला. पप्पन चेट्टाचा.