फळी काढलेला पियानो

तार तुटताना काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. चिंचवडच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी टेस्टिंगला होते. तारेचा तुकडा मशीनला लावायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि आकडा लिहायचा, हे माझं काम. ताणलेल्या तारेवर आम्ही गोणपाट टाकत असू, म्हणजे तुटलेलं टोक उसळून तोंडावर येत नाही. एकदा घाईत ते टाकायचं राहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा गाल ओठापर्यंत फाटला. त्यामुळे पप्पांच्या पियानोची पुढची फळी काढायचं ठरलं तेव्हा मला धडकीच भरली.

पियानो तळेगावला, पप्पांच्या बाहेरच्या खोलीत असायचा. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय रॉकेलच्या वाट्यांत. पप्पा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मला त्यांनीच शिकवलं. पियानो शंभर वर्षांहून जुना होता. आतली चौकट लोखंडाची नाही, लाकडाची. तिला ताण सोसत नाही म्हणून तारा थोड्या ढिल्या, उतरत्या स्वरात लावलेल्या. जोरात वाजवायचा नाही हा घरातला नियम, आणि मी तो लहानपणापासून पाळला होता.

कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरची बायको चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायची. तिच्या चेलोला पोलादी तारा नव्हत्या, आतड्याची तात होती. जमिनीवर टेकवायची सळईसुद्धा नव्हती. ती तो पोटऱ्यांत धरून वाजवी. ज्या काळची रचना त्याच काळच्या वाद्यांवर, असा तिचा हट्ट. आमच्या पियानोबद्दल कळल्यावर ती तळेगावला आली, चारदोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि आपला चेलो मुकाट्याने त्याच्या स्वराला उतरवून घेतला. पप्पांच्या खोलीतच छोटा कार्यक्रम करायचं ठरलं आणि दोघींनी मिळून वाजवायला तिने जुनी, लांबलचक जर्मन रचना निवडली. त्यात मधेच दोन्ही वाद्यांनी घर डोक्यावर घ्यायचं असतं. फळीमागे आवाज कोंडतो, ती काढा, असं तिचं म्हणणं पडलं. पप्पांनी त्याच दुपारी स्क्रू काढले.

आता सगळ्या तारा उघड्या होत्या. त्यांच्यापुढे आडवी पट्टी ठोकून तिच्यावर स्वरलिपीचं पुस्तक ठेवलं. पानं उलटायला पप्पाच उभे राहणार होते, कारण ते वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा उजवा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता. डाव्याने वाचायचं तर चष्मा काढून अगदी पुस्तकावर वाकावं लागे. म्हणजे तो एकच डोळा तारांपासून वीतभर.

तालमीच्या दिवशी मी गोधडी आणली आणि तारांवर सोडली. बाईने दोन ओळी वाजवल्या, थांबली आणि हसून म्हणाली की आजाऱ्याला पांघरूण घातल्यासारखं वाटतंय. मी सहकाऱ्याच्या गालाची गोष्ट सांगितली. पप्पांनी ती ऐकून घेतली आणि गोधडीची घडी घातली.

"तुझ्या तिथल्या तारा तोडायलाच लावतात," ते म्हणाले. "या वाजवायला लावल्यात."

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. चर्चची माणसं आणि कारखान्यातले काही जण खोलीत दाटीने बसले होते. हवा दमट. मी सुरुवातीपासून हात राखून वाजवत होते. बाईने दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं. पप्पांचा गाल मला डाव्या बाजूला दिसत होता आणि प्रत्येक वेळी ते वाकले की माझी बोटं आपोआप हलकी पडत होती.

मोठ्या आवाजाची जागा आली आणि फाट् झालं. मी काही पाहिलं नाही. पप्पांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. ते तोल जाऊन पहिल्या रांगेतल्या पास्टरांच्या अंगावर जाऊन पडले आणि पुस्तक खाली आलं.

पियानोची एकही तार तुटली नव्हती. चेलोची वरची तात तुटून बाईच्या मनगटावर गुंडाळली गेली होती. ती शांतपणे पिशवीतून नवी काढत होती.

पप्पा उठले, शर्ट झटकला. "चर्चची माणसं बसलीत," ते हळूच म्हणाले.

"बसू देत. तुम्ही तिथे तसे उभे राहणार असाल तर मी वाजवणार नाही."

नवी तात सारखी उतरत होती, बाई ती पुन्हा पुन्हा चढवत होती. तेवढ्या वेळात मी खोलीत नजर फिरवली. आमच्या स्टोअरमधला एक जण मोटरसायकलवरून आला होता, रबरी पट्ट्याचा, साध्या काचेचा गॉगल गळ्यातच होता. मी तो मागितला.

"ताई, पियानोलापण सेफ्टी?" तो म्हणाला, पण दिला.

मागे कोणीतरी हसलं. पप्पांनी गॉगल हातात उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता भिरकावतील.

"लावतो," ते म्हणाले. "पण मग तू हात आखडायचा नाहीस."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार? त्यांनी गॉगल चढवला, रबर कानांमागे नीट बसवलं आणि होते तिथेच वाकले.

आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. ती जागा आली तेव्हा मी खांद्यापासून जोर लावला. त्या घरात एवढा आवाज मी कधी काढला नव्हता. आत, पप्पांच्या तोंडासमोर, लाकूड करकरलं. तोवर पप्पांनी पान उलटलं होतं, आणि पुढच्या ओळीवर आणखी जोरात वाजवायची खूण होती. मी वाजवलं.