मनुबाई पैसे घेत नाही

आटपाडीजवळच्या आमच्या गावात कालव्याचं पाणी आलं आणि मनुबाई मेथी-पालक पिकवू लागली. जुड्या बांधल्या की टेम्पो थेट सांगलीच्या बाजारात. गावात मात्र भाजी विकत मिळत नाही. दुकानात बटाटे नि बिस्किटाचे पुडे. कारण, गावच्या माणसाकडून भाजीचे पैसे घेणं म्हणजे मनुबाईच्या लेखी नाक कापून घेणं. द्यायची तर वानवळा म्हणून, फुकट. या मोठेपणाचा मला भारी राग यायचा, पण तिच्यासमोर बोलणार कोण?

शेजारची साक्षी माहेरची सांगलीची, नवरा फौजेत, सातवा महिना. एकदा ती बांधावर पालक घ्यायला गेली आणि नोट पुढे केली. मनुबाई भडकली.

"तुझ्याकडनं पैसं घिऊ व्हय? मी काय बाजारात बसलीया?"

दोन जुड्या तिच्या पदरात कोंबून तिने तिला वाटेला लावलं. साक्षी पुन्हा फिरकली नाही. शहरातली पोरगी, गर्व असणारच, असं मनुबाईने ठरवून टाकलं.

परवा साक्षी नळावर चक्कर येऊन पडली. ओठ पांढरे, हात गार. सांगलीला निघालेल्या टेम्पोतच मनुबाईने तिला घातलं आणि आटपाडीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि आवाज चढवला.

"रक्त फार कमी आहे. गोळ्या सुरू करते, पण असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल. पालेभाजी खात नाही का?"

"आगं, माझ्या रानात ढीग पडलाय," मनुबाई ओरडली. "आली का न्हाईस?"

"काकू, एकदा फुकट घेतली. रोज कुठल्या तोंडानं मागू?" साक्षी भिंतीकडे बघत म्हणाली. "सांगलीत असते तर कोपऱ्यावरनं दहा रुपयांची जुडी आणली असती. तुमचीच असती ती."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मनुबाई जागची हलली नाही. तिला स्वतःचाच संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावच्या चौकात पोतं अंथरून बसली. पारावरची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. मला तर तिच्याकडे बघवेना.

साक्षी हळूहळू चालत आली. मेथीची एक जुडी उचलून ती नुसती उभी राहिली.

मनुबाईने हात पसरला.

"धा रुपयं," ती म्हणाली. "आन् उद्या ये. रोज ये."