कमलआत्याने ऐकलेला अल्बम

कमलआत्या गाणं ऐकताना हातातलं काम खाली ठेवायची. रेडिओवरचं भजन असो की आदिवासी पाड्यावर वाजणारा तारपा, निवडायला घेतलेले चिकू ती टोपलीत परत ठेवायची, चिकाने काळे पडलेले हात पदराला पुसायची आणि बसायची. "अर्धवट ऐकलं तर गाणाऱ्याला काय वाटेल?" म्हणायची.

तरुणपणीच नवऱ्याने टाकलेली ही माझी आत्या घोलवडला आमच्या घरात, म्हणजे तिच्या भावाकडे राहिली. तिचा आवाज कधी स्वयंपाकघराबाहेर आला नाही. "भावाच्या घरात बाईने हळू बोलावं, भांडीसुद्धा हळू ठेवावी," असं ती हसत सांगायची.

मी मुंबईतली नोकरी सोडून एका पंक रॉक बँडमध्ये गाऊ लागले होते. पहिला अल्बम झाला तेव्हा तो ऐकवायला हौसेने घरी आले. बाबांनी पहिलंच गाणं मध्येच थांबवलं. "हे गाणं आहे की भांडण? पुरे झालं हे. यंदा तुझं लग्न उरकायचं," म्हणाले आणि चिकूच्या वाडीत निघून गेले.

आत्या म्हणाली, "मला ऐकव. सगळी."

ओट्यावर चिकूच्या पेट्यांशेजारी आम्ही बसलो. ड्रम सुरू झाले तशी ती दचकली. मग डोळे मिटून ऐकू लागली.

"ही पोरगी एवढी कोणावर चिडलीय?"

"मीच आहे गं आत्या."

"ते कळलं. कोणावर, ते विचारतेय."

मी पुढचं गाणं लावलं. त्यात मी 'गप्प बसणार नाही' एवढंच घसा फाटेस्तोवर म्हणते. ते तिने पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटचं गाणं संथ होतं, सगळ्यांना तेच आवडायचं. आत्या म्हणाली, "इथे तू भ्यायलीस. गोड बोलायला लागलीस, माझ्यासारखी."

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी तलासरीचं एक स्थळ काढलं. मुलगा चांगला, घरची वाडी. मी ताटाकडे बघत राहिले. आत्या भात वाढत होती. तिने पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"दादा, तिला जाऊ दे!"

एवढ्या मोठ्याने, की अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. आवाज चिरका होता, शेवटी शेवटी फाटला. बाबांचा घास हातातच राहिला.

"मी जन्मभर हळू बोलले. तुला त्रास नको म्हणून. मला काय हवं होतं, कधी विचारलंस?"

बाबांनी तो घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "कमल, तूही बस जेवायला." आत्या नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. त्या दिवशी ती आमच्यासोबत बसली. स्थळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी मी तिला नवं गाणं पाठवलं. लगेच फोन आला. "ऐकलं गं. एवढी ओरडलीस, तरी घसा बसलेला वाटला नाही. म्हणजे वेळेवर जेवतेस."

तेच आमचं शेवटचं बोलणं. काही दिवसांतच वाडीत काम करताना तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बँडमधले सगळे घाईत असतात. "खाणं नंतर बघू," म्हणतात. मी त्यांना थांबवते आणि आधी जेवून घेते.